वाटा मागायचा तर अफूचाही मागा

मुंबईच्या व्यापाराचा इतिहास सांगायचा म्हटला की आपल्याकडे पुतळे मोजायची रीत आहे. जमशेटजी जीजीभॉय, नाना शंकरशेट, प्रेमचंद रायचंद, डेव्हिड ससून, जमशेटजी टाटा. पारशी आले, गुजराती आले, बगदादचे ज्यू आले आणि त्यांनी सात बेटांचे शहर केले. यात खोटे काही नाही. पण या गोष्टीत मुसलमान येतो तो दोनदाच. सुरुवातीला, ज्याच्याकडून पोर्तुगीजांनी ही बेटे घेतली तो गुजरातचा सुलतान म्हणून, आणि अगदी शेवटी हाजी मस्तान म्हणून. मधली चारशे वर्षे तो काय करत होता, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

कोकणी मुसलमानाची तर १९९३ नंतर समुद्राशी एकाच शब्दाने गाठ घालून दिली गेली: लँडिंग. दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरली, हे खरे. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातले लोकही दोषी ठरले, हेही खरे. पण लोकांच्या मनात राहिले ते एवढेच की किनाऱ्यावरचा मियाँ म्हणजे रात्री होडी घेऊन जाणारा माणूस. मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा गावाचे नाव सांगितले की समोरचा 'अच्छा, तिकडचे का' म्हणून हसायचा. त्या हसण्याचा अर्थ आमच्या मुलांना विसाव्या वर्षीच कळतो. आपण इथे नेमके कोण होतो, हे मात्र त्यांना चाळिशीतही कळलेले नसते.

याला आपण उत्तर काय देतो? स्मरणिका काढतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्या पानावर अरबस्तानातून आलेले पूर्वज, तिसऱ्या पानापासून डॉक्टर, वकील आणि आखातातले कंत्राटदार. त्यांनी आपल्याला इतिहासातून वगळले अशी आपली तक्रार, आणि आपण लिहायला बसलो की आपल्याच नव्वद टक्के माणसांना वगळतो. माझे भांडण आज या दुसऱ्या वगळण्याशी आहे.

आधी त्या अरबी पूर्वजांचे बघू. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास चौलला आला. चौलला तो सैमूर म्हणतो. राज्य राष्ट्रकूटांचे. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि काही इथेच जन्मलेले, ज्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांच्या आपसातल्या भांडणांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता, त्याला 'हुनरमान' म्हणत. त्याच काळातला एक ताम्रपट डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला, शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. त्यात संजाण प्रांताचा कारभारी म्हणून एका अरबाचे नाव आहे. महंमद; संस्कृतात त्याचे 'मधुमती' झाले आहे. राष्ट्रकूट राजाने नेमलेल्या या महंमदाने खाडीवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, तिथे भात आणि तूप वाढले जाई, आणि त्याच्या संमतीने भगवती देवीच्या मठाला जमीन दिली गेली.

हे दोन्ही पुरावे आमचे वक्ते व्याख्यानात फार आवडीने सांगतात. पण ते जे सांगतात ते ऐकत नाहीत. मसूदीचे दहा हजार लोक कुणाला जिंकायला आले नव्हते. ते हिंदू राजाची रयत होते, आणि इथे जन्मलेल्या बयासिरांची आई याच किनाऱ्यावरची असणार. आपण त्यांचे वंशज असू तर आपल्या रक्तात अरबस्तान किती आणि आगर किती, याचा हिशेब आपल्या घरच्या बोलीनेच केलेला आहे. तरीही शजरा काढून बसायची आपली हौस जात नाही, आणि लग्नाच्या बोलण्यात समोरचे घर दालदी निघाले की नाक मुरडणारे नाक अजून जागेवर आहे. मासे मारून समुद्रावर जगलेला मुसलमान आपल्याला हलका वाटतो. समुद्र ओलांडून आलेला, ज्याला कुणी पाहिलेला नाही, तो भारी. दर्यावर्दी म्हणून मिरवायचे आणि दर्यात उतरणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, याला काय म्हणावे?

किनाऱ्यावरची भाषा आपल्याहून प्रामाणिक आहे. फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, मराठीत नाखवा झाला, आणि तो हिंदू कोळ्याच्या गाण्यातही आहे आणि मुसलमानाच्या आडनावातही. दर्या, बंदर, खलाशी, सारंग, तांडेल. दुकानात शिरलात तर हिशेब, बाकी, वसूल, नफा, तराजू, दलाल. हे शब्द वापरताना कुणी धर्म विचारत नाही. मुंबईत पायधुणीजवळ नाखुदा स्ट्रीट आहे. (कलकत्त्याच्या नाखुदा मशिदीशी तिचा घोटाळा करू नये, ती कच्छी मेमणांची.) या नाखुदांपैकीच एक महंमद अली रोगे. इथून पुढचा भाग स्मरणिकेत बसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात मुंबईत जमशेटजी जीजीभॉय आणि कंपनी नावाची पेढी होती. तिच्यात चौघे भागीदार: जमशेटजी स्वतः, पारशी, मोतीचंद अमीचंद, जैन, रोजेरियो द फारिया, गोव्याचे कॅथलिक, आणि महंमद अली रोगे, कोकणी मुसलमान. चार धर्मांचे चार शेठ एका गादीवर. मुंबईच्या सर्वधर्मसमभावावर भाषण करणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही. फक्त त्यांनी पुढचे वाक्यही बोलावे: पेढीचा मोठा धंदा अफूचा होता.

अफू माळव्यात पिकायची. शिंदे-होळकरांच्या मुलखातला शेतकरी बी पेरायचा, बोंडाला चिरा पाडून चीक गोळा करायचा, सावकार तो उचलायचा, आणि तांडे ती किनाऱ्याला आणायचे. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्तेदारीत होती. माळव्याची संस्थानी मुलखातली, म्हणून हाताबाहेर. कंपनीने ती अडवायचा प्रयत्न केला तेव्हा माल कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. शेवटी १८३० च्या सुमारास सरकारने हात टेकले आणि पेटीमागे कर घेऊन मुंबईतून माल न्यायला परवाने दिले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला आणि कराचीची वाटही बंद झाली. तेव्हापासून माळव्याच्या अफूला मुंबई हेच दार. तोवर मुंबई ही कंपनीच्या वहीत तोट्याची वसाहत होती. अमर फारुकी यांचे 'ओपियम सिटी' हे २००६ चे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते ठाऊक आहे: या शहरातल्या देशी भांडवलाची पहिली मोठी रास कापसाच्या जोडीने अफूवर उभी राहिली, आणि गिरण्या नंतर आल्या.

आता चीनच्या बाजूने बघा. तिथे अफू आणायला बंदी होती. म्हणून जहाजे कँटनच्या बंदरात अफू घेऊन जातच नसत. पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन नावाचे बेट आहे, त्याच्या आडोशाला जुनी जहाजे तरंगती गोदामे म्हणून उभी असत. माल त्यांवर चढायचा आणि तिथून चिनी होड्या तो भरभर वल्ही मारत किनाऱ्याला न्यायच्या. मधल्या अंमलदारांना पैसे चारलेले असत. याला आपण आज काय म्हणतो? लँडिंग म्हणतो.

१८३९ मध्ये चिनी बादशहाचा अधिकारी लिन याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. इंग्रजांनी युद्ध पुकारले, जिंकले, हाँगकाँग घेतले. तह १८४२ सालचा. जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला तोही १८४२ सालीच.

मी १९९३ ची आणि अफूची बरोबरी करत नाही. एकाने आपल्याच शहरातली माणसे एका दुपारी मारली, दुसऱ्याने दूर देशातली माणसे पन्नास वर्षांत सावकाश संपवली; माझ्या मते दोन्ही पापेच. पण तस्करी हा एका जमातीचा स्वभाव आहे असे जेव्हा कुणी सुचवतो, तेव्हा त्याला जे. जे. रुग्णालयापाशी उभे करून विचारावेसे वाटते की बाबा, ही भिंत कशाच्या पैशाची? आणि त्याच दमात आमच्या लोकांनाही विचारावेसे वाटते की रोगे शेठ आपला, असे सांगायचे असेल तर त्याच्या गोदामात काय होते तेही सांगाल का?

सांगत नाहीत. एका स्मरणिकेने माझ्याकडे 'मुंबईच्या उभारणीत कोकणी मुसलमान' असा लेख मागितला होता. मी रोग्यांवर दोन पाने लिहिली. परत आला तेव्हा भागीदारी होती, जामा मशिदीला दिलेला पैसा होता, रोगे घराण्याचे नाव १८७४ च्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत आहे तेही होते. अफू तेवढी गायब. 'चीनशी व्यापार' असे नीटनेटके दोन शब्द तिथे बसवले होते. मी लेख मागे घेतला.

त्यांची अडचण मला कळत नाही असे नाही. म्हणाले, माकडाच्या हातात कोलीत कशाला द्यायचे? उद्या कुणीतरी हाच परिच्छेद उचलेल आणि म्हणेल, बघा, दोनशे वर्षांपूर्वीही हेच धंदे. म्हणेल ना. पण त्याला हे म्हणायला माझ्या परिच्छेदाची गरज कधी लागली? तो पुराव्यावाचूनच म्हणतो आहे. परिच्छेद लिहिला तर निदान त्याच ओळीत उरलेले तीन भागीदार आणि कंपनी सरकार यांची नावे येतात, आणि 'हेच धंदे' नेमके कुणाचे होते याची उजळणी होते.

दुसरा आक्षेप असा की पारशी समाज कुठे अफू सांगत बसतो? त्यांनी सांगितली नसेल, पण त्यांनी कागद जपले. जमशेटजींच्या पेढीच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि अफूचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या उपयोगी पडल्या आहेत. मोतीशा शेठचे भायखळ्याचे देरासर आजही गजबजलेले असते. जमशेटजींचे नाव रुग्णालयावर आहे, कलाशाळेवर आहे. आमच्या शेठची आठवण काढायला पत्रे नाहीत, वह्या नाहीत, आहे ती घराण्याची पुण्याई. पुण्याईवर इतिहास लिहिता येत नाही. त्याला जमाखर्च लागतो.

आणि जमाखर्च म्हटला की मला शेठपेक्षा त्या जहाजांवरचे लोक जास्त आठवतात.

रोग्यांच्या काळातली शिडे गेली, आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ उघडला, आणि मुंबई जगाच्या वाटेवर आली. जहाजे साहेबाची, पण डेकवर माणसे कुणाची? पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांनी मुंबईत डेकसाठी भरती केली त्यात रत्नागिरी-कुलाब्याच्या खाड्यांमधले मुसलमान मोठ्या संख्येने होते. स्वयंपाक आणि वाढप्याचे काम गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे, इंजिनाच्या आगीपुढे पंजाबी आणि पठाण. या सगळ्यांना मिळून इंग्रजी कागदावर एकच शब्द, 'लस्कर'. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ फौज. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ही फौज ५०,००० वर होती.

त्यांना जहाजावर जागा किती मिळायची, हे कायद्यात लिहून ठेवलेले होते. गोऱ्या खलाशाला माणशी ७२ घनफूट, १९०६ नंतर १२०. लस्कराला ३६. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. करून बघा हिशेब, कबर याहून ऐसपैस असते. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा. आणि तो मिळवायच्या आधी सारंगाला खूश करायचे, कारण माणसे निवडणार तो. सारंग आपलाच, बहुधा आपल्याच गावचा किंवा शेजारच्या खाडीतला, नमाजात पहिल्या सफेत उभा राहणारा. जहाज लागेपर्यंत मुंबईत गावकीच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, उधारीवर खायचे, आणि करार झाला की आगाऊ मिळालेले पैसे खोलीवाल्याला आणि सारंगाला वाटून रिकाम्या हाताने बोटीवर चढायचे. साहेबाने पिळले हे आपण सांगतो. सारंगाने पिळले हे कोण सांगणार?

माझे आजोबा वीस-बावीस वर्षे बोटीवर होते. खलाशाची नोंदवही असते, तिला आमच्याकडे जुने लोक नल्ली म्हणत. प्रत्येक सफरीनंतर तिच्यात शेरा पडायचा, कामाबद्दल एक आणि वागणुकीबद्दल एक. शेरा वाईट पडला की पुढचे जहाज नाही. म्हणून तोंड मिटून काम. तरी तोंड कायमचे मिटलेले नव्हते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पाणबुड्यांच्या समुद्रात जायची वेळ आली, तेव्हा इंग्लंडच्या बंदरांत आणि इतरत्रही लस्करांनी बोटींवर काम नाकारले, पगार वाढवा म्हणून. कित्येकांना तुरुंगात टाकले. शेवटी पगार वाढवावा लागला. कामगार चळवळीच्या आपल्या मराठी इतिहासात गिरणी कामगार आहे, असायलाच हवा. पण मुंबईत सही करून गेलेल्या या माणसांनी लिव्हरपूल आणि ग्लासगोला केलेला संप त्यात किती ओळींचा आहे, ते तपासून पाहा.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम ही वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांच्या नावांचे पुस्तक आहे, त्यात सहा हजारांवर नावे. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. तिथून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्या किती लोकांनी ते पाहिले आहे? आम्हाला तुर्की मालिकांतला उस्मानी दरबार पाठ आहे. आजोबांबरोबर एकाच बोटीवर असलेला शेजारच्या वाडीतला माणूस कुठल्या समुद्रात बुडाला, ते ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, खलाशांनी कसला व्यापारी इतिहास घडवला, ते तर हमाल. मग बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर या खाड्यांमधली पक्की घरे कशाच्या पैशाने झाली ते सांगा. शेती तुटपुंजी, भाताचे एक पीक, बाकी वरकस. मनीऑर्डरीवर गावे चालली. त्याच पैशातून शाळा निघाल्या, मशिदींना फरशी बसली, एकाचा पाय बोटीवर पडला की त्याने भावाला नेले, भावाने मेहुण्याला. केपटाऊनला कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, ती कुठल्या सुलतानाने वसवलेली नाही. नंतर बोटींचे काम आटले आणि आखात उघडले, तेव्हा घरदार मागे ठेवून वर्षानुवर्षे बाहेर राहायची सवय या गावांना आधीच झालेली होती. बायकांनाही झालेली होती. नवऱ्याच्या मागे शेत, सावकार आणि सासू सांभाळणाऱ्या त्या बायकांवर तर एक वेगळा लेख हवा. त्यांचे नाव स्मारकाच्या पुस्तकातही येत नाही.

तेव्हा वाटा मागायचा असेल तर पुरा मागू. मधुमतीच्या फुकट नावांचा मागू आणि रोगे शेठच्या अफूचाही मागू. सारंगाच्या दलालीचा मागू आणि ३६ घनफुटांत झोपलेल्यांचाही. पुतळ्यांच्या रांगेत आपला एक पुतळा घुसवून मला समाधान मिळणार नाही. शेठ हिंदू असो, पारशी असो वा मुसलमान, त्याची काळजी घ्यायला त्याचे ट्रस्ट आहेत.

जमातींच्या वार्षिक सभा आता येतील. सत्काराच्या शाली आणायला जो खर्च होतो त्यातला थोडा बाजूला काढा आणि गावातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला, पोरीला कामाला लावा. घरोघरी पत्र्याच्या ट्रंकांमध्ये नल्ल्या पडल्या आहेत, डिस्चार्जचे कागद आहेत, परदेशी तिकिटांची पाकिटे आहेत. मोबाइलवर त्यांचे फोटो काढून घ्या. वाळवीने अर्धे खाल्ले आहेत, उरलेले पुढच्या दोन पावसाळ्यांत जातील. सारंगाला किती दिले हे सांगणारी ऐंशी-नव्वदीची माणसे अजून दोन-चार वाडीत असतील, त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा, त्यांनी नावे घेऊन सांगितले तरी कापू नका. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने इंटरनेटवर ठेवल्या आहेत, कुणालाही बघता येतात. नावांची स्पेलिंगे साहेबाने वाट्टेल तशी लिहिली आहेत, गावांची त्याहून वाईट. ती ओळखायला रत्नागिरीच्या खाड्या माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो लंडनच्या कचेरीत बसलेला नाही.